अंबारखाना कशासाठी होता?

विद्यार्थ्यांनो, किल्ला पाहायला गेलात की तुम्हांला अनेक जुन्या इमारती दिसतात. त्या पूर्वी कशासाठी होत्या, हे कसे ओळखावे? त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात : नाव, रचना आणि जागा.

कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा किल्ला आहे. तेथील अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन इमारती आहेत.

प्रथम नाव पाहू. 'अंबारखाना' ऐकून एखाद्याला हत्तीवरची अंबारी आठवेल. येथे हत्ती बांधत असतील, असे त्याला वाटेल. पण तुम्हांला उर्दू येते. 'किताबों का अंबार' असे आपण म्हणतो. अंबार म्हणजे ढीग किंवा साठा आणि खाना म्हणजे घर. म्हणजे हे साठ्याचे घर! पण साठा कशाचा? धान्याचा की बंदुकीच्या दारूचा? ते नाव सांगत नाही.

आता रचना पाहू. गंगा कोठी सुमारे ३५ फूट उंच आहे. तिच्यात १६ खण आहेत. प्रत्येक खणावर बसका घुमट आहे आणि घुमटात एक भोक आहे. छतावर जाण्यासाठी बाहेरून पायऱ्या आहेत. राहत्या घराच्या छतावर इतकी भोके कोण ठेवील? बंदुकीची दारूही कोणी अशी मोकळी ओतत नाही. एक ठिणगी पडली की सर्वनाश! धान्याला मात्र ही रचना सोयीची आहे. पायऱ्यांनी वर जावे आणि भोकातून धान्य ओतावे. दारातून भरले तर ढीग अर्ध्यावरच राहतो. वरून ओतले की खण काठोकाठ भरतो. म्हणून हे धान्याचे कोठार होते. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात.

शेवटी जागा. ही कोठारे तटाजवळ नाहीत, गडाच्या मध्यभागी आहेत. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. तो कित्येक महिने चालला. वेढा पडला की बाहेरचा दाणा आत येत नाही. अशा वेळी तोफांइतकेच धान्यही महत्त्वाचे! कोठार रिकामे झाले, तर मजबूत तटही गड वाचवू शकत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने पन्हाळ्यासह १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. मुलांनो, जुन्या भिंतीवर आपले नाव कोरू नका. तिथली एखादी पायरी, एखादे भोकही इतिहास सांगते. ते नष्ट झाले, तर पुढच्यांनी काय वाचावे?

शब्दार्थ
कोठार – धान्य साठवण्याची जागा
खण – इमारतीचा एक भाग
तट – किल्ल्याची भिंत
खंडी – वीस मणांचे माप

स्वाध्याय
१. 'अंबारखाना' या शब्दाचा अर्थ सांगा.
२. घुमटांत भोके कशासाठी होती?
३. 'खाना' शेवटी असलेले चार शब्द लिहा. उदा., दवाखाना.
४. तुमच्या गावातील एक जुनी इमारत पाहा. ती कशासाठी होती, ते कारणे देऊन पाच वाक्यांत लिहा.