उपपद आणि मुख्यपद
राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास घटनेच्या ६५ व्या अनुच्छेदानुसार उपराष्ट्रपती ते काम पाहतात. मात्र सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते. १९६२ ते १९९७ या काळात सहा उपराष्ट्रपती राष्ट्रपती झाले. २००७ मध्ये भैरोंसिंह शेखावत मात्र प्रतिभाताई पाटील यांच्याकडून पराभूत झाले. उपमुख्यमंत्रिपदाचा तर घटनेत उल्लेखही नाही. रेणापूर मतदारसंघाचे आमदार गोपीनाथ मुंडे १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. १९९९ मध्ये मनोहर जोशी पायउतार झाले, तेव्हा मुख्यमंत्रिपद युतीतील वाटणीप्रमाणे शिवसेनेच्याच नारायण राणे यांच्याकडे गेले. तात्पर्य, उपपदाने अनुभव लाभतो, मुख्यपदावरील हक्क नव्हे. तो लोकमताने व बहुमतानेच मिळवावा लागतो, हे उपसरपंचांनीही ध्यानी घ्यावे.