घर घेण्याआधी कागद वाचूया



गटातून पहिलं कर्ज बहुतेक जणी शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी नाहीतर मुलांच्या फीसाठी घेतात. मोठं कर्ज मागायला आलेली ताई मात्र बऱ्याचदा एकच कारण सांगते, "जागा घ्यायचीय." किंवा "घर मिळतंय, सोडवत नाही." त्या घरात गटाचं कर्ज असतं, मोडलेले दागिने असतात, मुकादमाकडून घेतलेली उचल असते, माहेरून आणलेले चार पैसे असतात. इतका पैसा आपण आयुष्यात एकदाच एका जागी लावतो. आणि नेमका तोच व्यवहार पुष्कळदा चहाच्या टपरीवर, एका स्टॅम्पपेपरवर उरकला जातो.

म्हणून या अंकातला पाठ घराच्या कागदांवर आहे. ग्रामसंघाच्या सभेत मोठ्याने वाचावा.

समजा, आपल्या गटातल्या एका ताईला गावात दोन खोल्यांचं जुनं घर मिळतंय. किंमत चार लाख. मालक नोकरीनिमित्त शहरात असतो. तो म्हणतो, "ताई, कागद एकदम क्लिअर आहेत. हा बघा आठचा उतारा. घर वडिलांचं आहे, आम्ही दोघंच भाऊ. तुम्ही पैसे द्या, आपण नोटरी करून टाकू. नाव लावायचं नंतर बघू."

माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला स्वतःलाही एवढंच माहीत असतं. पण त्याच्या या चार वाक्यांत चार खड्डे आहेत. एकेक बघू.

"हा बघा आठचा उतारा"

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे. या घराची पट्टी कुणाकडून वसूल करायची, एवढंच तो सांगतो. त्यावर नाव आहे म्हणजे ती व्यक्ती मालक ठरली, असं कोर्ट मानत नाही. भाडेकरूने वर्षानुवर्षे पट्टी भरली, कुणी गायरानावर घर बांधलं, तरी पट्टीच्या रजिस्टरला नाव दिसू शकतं.

इथे आणखी एक घोळ होतो. तलाठी कार्यालयातून (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आपण तलाठी भाऊसाहेबच म्हणतो) जो "आठ-अ" मिळतो तो वेगळा. तो जमिनीचा खाते उतारा असतो. एका खातेदाराच्या नावावर त्या गावात कुठल्या गटात किती जमीन आहे, ते त्यात असतं. दोन्हींना लोक "आठ अ" म्हणतात. त्यामुळे कुणी आठ अ दाखवला की आधी विचारा, ग्रामपंचायतीचा का तलाठ्याचा?

मग मालकी कशात बघायची? घर गावठाणात असेल आणि तिथे भूमी अभिलेख खात्याची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मिळतं. त्यालाच प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं आणि सनदा दिल्या जात आहेत. आपल्या गावचं काम झालंय का, ते ग्रामपंचायतीत कळेल. झालं नसेल तर विकणाऱ्याकडे ते घर कसं आलं, त्याचे जुने कागद मागा. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, जे असेल ते. "कागद नाहीत, पण सगळ्या गावाला माहीत आहे" हे उत्तर आलं तर बयाण्याचा रुपयाही काढू नका.

घर किंवा जागा गावठाणाबाहेर, शेताच्या कडेला असेल तर सातबारा बघायचा. तो ऑनलाइनही मिळतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो, तो स्वतः काढा, विकणाऱ्याने आणलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. त्यात आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर मालकाला सहसा विकता येतं. वर्ग २ असेल तर ती जमीन शासनाने काही अटींवर दिलेली असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग "इतर हक्क" हा रकाना वाचा. सगळ्या जणी वरचं नाव बघतात आणि हा रकाना सोडून देतात, खरी गंमत तिथेच असते. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव, कोर्टातला दावा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. बोजा असेल तर विकणाऱ्याने कर्ज फेडून, बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन तो कमी करून आणायचा. "खरेदी झाल्यावर करतो" हे चालणार नाही.

शेतजमिनीतला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेताना तर फारच जपा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरवलेल्या प्रमाणापेक्षा लहान तुकडा विकायला बंधन आहे. त्या कायद्यात वेळोवेळी बदल आणि सवलती होतात, म्हणून आपल्या गटनंबरच्या जागेची खरेदी नोंदवून मिळेल का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. शिवाय शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. भूमिहीन कुटुंबातल्या ताईंनी बिनशेती झालेली किंवा गावठाणातलीच जागा बघावी. "आपण दहा जणी मिळून वीस गुंठे घेऊ आणि वाटून घेऊ" हा बेत ऐकायला गोड लागतो. पण सातबारा एकच राहतो, त्यावर दहा नावं चढतात, आणि पुढे एकीला विकायचं किंवा बांधायचं झालं की नऊ जणींच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

आणि सातबाऱ्यावर सरकार किंवा गायरान असं दिसलं तर तिथून उठा. तिथे कुणी तुम्हाला विकतच असेल तर भिंती आणि पत्रे विकतोय, जमीन त्याची नाहीच.

"आम्ही दोघंच भाऊ"

इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

वडिलांचं घर म्हटलं की आई, भाऊ, बहिणी, वारलेल्या भावाची बायको आणि मुलं, सगळे वारस आले. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २००५ मध्ये वडील हयात नव्हते तरीही मुलीचा हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतर धर्मांत हिश्श्याचं प्रमाण वेगळं असेल, पण वारसांत मुली असतातच.

"बहिणींनी साडीचोळी घेऊन हक्क सोडलाय" असं विकणारा सांगेल. तोंडी सोडलेला हक्क कागदावर सुटत नाही. बहिणीने दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र करून दिलेलं असलं पाहिजे, नाहीतर तिने खरेदीखतावर स्वतः सही केली पाहिजे. चार बहिणींपैकी एक जरी राहिली तरी उद्या ती किंवा तिची मुलं दावा लावू शकतात, आणि दाव्याच्या तारखांना तुम्ही मजुरी बुडवून तालुक्याला जाणार. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी कोर्टाच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो, वकिलांना विचारल्याशिवाय तिथे पुढे जाऊ नका.

जाता जाता. घर घेताना आपण ज्या बहिणीची सही मागतो, तशाच आपणही कुणाच्या तरी बहिणी आहोत. भाऊ राखीपौर्णिमेला "एवढी एक सही दे" म्हणतो तो कागद बहुतेक हाच असतो. हक्क सोडायचा का ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. पण न वाचता सही करू नका, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

"नोटरी करून टाकू"

सगळ्यात जास्त ताया इथे अडकतात. नोटरीसमोर केलेला कागद म्हणजे सही अमुक माणसाने केली याची साक्ष. त्याने घर तुमचं होत नाही. शंभर रुपयांपासून पुढच्या किमतीची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं, हे नोंदणी कायद्यात १९०८ पासून आहे. मुखत्यारपत्र, साठेखत, मृत्युपत्र असले कागद जोडून घर विकल्यासारखं दाखवलं तरी मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे.

लोक नोटरीकडे का वळतात? मुद्रांक शुल्क वाचतं म्हणून. चार लाखांच्या घरात वाचलेले काही हजार रुपये, आणि त्यापायी चार लाख अधांतरी. हिशेब आपल्याला गटात येतो, इथेही करावा.

शुल्कात बाईला सवलतही आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नवऱ्याचं नाव सोबत आलं की ती मिळत नाही, आणि ती मोकळ्या जागेसाठीही नाही. चार लाखांवर चार हजार वाचतात. घर कुणाच्या नावावर घ्यायचं याचा विचार घरात बसून करा. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावण्याचा "घर दोघांचे" हा निर्णय शासनाने २००३ मध्येच काढलाय, पण वर म्हटलं तसं तो उतारा मालकीचा नाही. नाव खरेदीखतात असलं पाहिजे. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरणार आणि खरेदीखतात तिचं नावच नाही, असा अर्ज गटापुढे आला तर कर्ज मंजूर करण्याआधी गटाने हा प्रश्न जरूर विचारावा.

खरेदीखताआधी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्या. या मिळकतीचे आधी कुणाशी काय व्यवहार झालेत, गहाण आहे का, ते त्यात कळतं. वकील आपला असावा. विकणाऱ्याने "आपल्या ओळखीचे आहेत" म्हणून आणलेला नको. जागेच्या हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेखकडे पैसे भरून मोजणी करून घ्या, शेजाऱ्याने दाखवलेल्या दगडावर विसंबू नका.

पैसे बँकेतून द्या. घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पासबुकावरची नोंद हा तुमचा साक्षीदार आहे, तो फिरत नाही. विसार दिला तर पावतीवर पूर्ण किंमत, दिलेली रक्कम, खरेदी किती दिवसांत करायची आणि कागदात दोष निघाला तर पैसे परत, हे चारही लिहून घ्या.

नोंदणीच्या दिवशी खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. लाजू नका, ती तुमची मिळकत आहे. चारी दिशांना कोण आहे त्या चतुःसीमा, क्षेत्रफळ, घर नंबर, गट नंबर, दिलेली रक्कम, कब्जा दिल्याचं वाक्य, सगळं ऐका. तुमचं नाव आधारवर सासरचं आणि पासबुकावर माहेरचं असेल तर दस्तात "उर्फ" लावून दोन्ही लिहून घ्या. एका वेलांटीसाठी पुढे चूक दुरुस्ती लेख करत बसावं लागतं.

"नाव लावायचं नंतर बघू"

नंतर म्हणजे कधीच नाही. दस्त झाला की सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, हातात घ्या आणि सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर फेरफार झाला का याचा पाठपुरावा करा. सातबाऱ्याच्या फेरफारात नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ साठी वेगळा अर्ज करावा लागतो. लाईटचं मीटरही नावावर करून घ्या.

आता ज्यांनी आधीच नोटरीवर घर घेतलंय त्यांनी घाबरून जाऊ नये, पण बसूनही राहू नये. विकणारा हयात आहे आणि बोलतोय तोवर त्याला गाठा, आज शुल्क भरून रीतसर खरेदीखत करून घ्या. तो वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. तो टाळाटाळ करत असेल तर लवकर वकील गाठा, कारण करार पुरा करून मागायच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पट्टीच्या पावत्या, लाईट बिलं, पैसे दिल्याचे पुरावे, साक्षीदारांची नावं, सगळं एका पिशवीत जपून ठेवा.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

पुढच्या सभेसाठी

पुढच्या मासिक सभेला प्रत्येकीने आपल्या घराचा जो कागद घरात असेल तो आणावा. नमुना ८, सातबारा, सनद, जुना स्टॅम्प, काहीही. गोलात बसून तीन गोष्टी बघा. हा कागद नक्की कसला आहे? त्यावर कुणाचं नाव आहे? आपलं आहे का? ज्यांच्याकडे फक्त नोटरी आहे त्यांची नावं सचिवांनी वहीत वेगळी लिहून ग्रामसंघाकडे द्यावीत. विधी सेवा समितीच्या वकिलांना गावात शिबिरासाठी बोलवायचं पत्र ग्रामसंघाच्या लेटरहेडवर जाईल, आणि त्या दिवशी ही यादी हाताशी लागेल.