आधी जनुकाचं नाव

आमच्या निपाणी भागात पोरगं दिवेलागणीला ठेचकाळायला लागलं की घरातली बाई आधी शेवग्याचा पाला निवडायला घेते. आम्हीही तेच केलं. पपई, गाजर, सरकारी दवाखान्यातला अ जीवनसत्त्वाचा डोस. रातांधळेपणा म्हणजे अंगात काहीतरी कमी पडलं, एवढंच ठाऊक होतं, आणि पुष्कळ घरांत ते खरंही असतं. माझ्या मुलाचं दुखणं वेगळं होतं. तो चौदाचा होता. गणपतीच्या मिरवणुकीत माझं बोट सुटलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. “आबा, कडेचं काय दिसंना झालंय,” म्हणाला.

त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला अजून छळते. लहानपणापासून तो तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा. गुरुजी म्हणायचे, लक्ष नाही. त्यासाठी मी त्याला मारलेलं आहे. त्याला कमी ऐकू येत होतं, आणि कान नि डोळे यांचं मूळ एकच होतं, हे कळायला आणखी तीन वर्षं गेली. मुलाला रात्रीचं दिसत नसेल तर त्याचे कानही तपासून घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

बेळगावच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं आणि सरळ सांगितलं: डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार, रेटिनायटिस पिग्मेंटोसा, यावर आज औषध नाही. खरं बोलणारा पहिला माणूस आम्हाला तिथं भेटला आणि आम्ही त्याच्यावरच रागावलो. महिन्याभरात एका पाहुण्यानं छापील पत्रक आणून दिलं. ‘नॅनो तंत्राने जनुकीय उपचार, एका इंजेक्शनमध्ये नजर परत.’ दूरच्या शहरातलं केंद्र होतं. त्या वर्षीच्या तंबाखूचे सगळे पैसे आणि बायकोच्या पाटल्या मिळून दोन लाख साठ हजार भरले. इंग्रजी कागदावर सही केली. इंजेक्शनात काय होतं, हे लिहिलेली एक चिठ्ठीही मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी डावा डोळा लालबुंद झाला, पोरगं रात्रभर कण्हत होतं. बेळगावला परत आणलं. त्याच डॉक्टरांनी एका शब्दानं न बोलता डोळा वाचवला, पण त्या डोळ्याची उरलेली नजर निम्म्यावर आली. केंद्राचा फोन नंतर कुणी उचलला नाही.

नंतर कळलं की फसलेलो आम्ही एकटेच नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन बायकांची नजर गेली. 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात त्यांची हकिगत छापून आली. त्यांनीही पैसे भरले होते. नवं औषध माणसांवर तपासून पाहण्याच्या खऱ्या चाचणीत त्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आपल्याकडे चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, आणि ती नोंद कुणालाही फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारा. समोरचा माणूस विषय बदलायला लागला तर उठून या.

पुढं जनुकांच्या तपासणीसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरू गाठलं. तिथं मुलाचं, माझं आणि बायकोचं रक्त घेतलं. अहवालात बिघडलेल्या जनुकाचं नाव निघालं यूएसएच-2ए. त्यातून झालेल्या अशा दुखण्याला अशर सिंड्रोम म्हणतात: कान जन्मापासून मंद, डोळे वयात येताना. तिथल्या बाईंनी पाऊण तास बसवून समजावलं. डोळ्याच्या पडद्याचे आनुवंशिक आजार वेगवेगळ्या शेकडो जनुकांमुळे होतात. वरून सगळे सारखे दिसतात, औषध मात्र ज्याचं त्याला. 2017 च्या डिसेंबरात अमेरिकेनं लक्सटर्ना नावाचा जनुकीय उपचार मंजूर केला. तो फक्त आरपीई-65 या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांसाठी आहे. बाजारात आला तेव्हा त्याची दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. आमच्याकडे तेवढे पैसे असते तरी माझ्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. जीवनसत्त्वाचंही तसंच. एबीसीए-4 बिघडलेल्या स्टारगार्ट रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या अपायच करू शकतात.

मग नॅनो म्हणजे सगळंच थोतांड का? नाही, आणि हे मला नीट सांगायचं आहे, कारण एकदा पोळलेला माणूस खऱ्या गोष्टीलाही लाथ मारतो. लक्सटर्नात चांगलं जनुक पेशीत नेतो तो एक निरुपद्रवी विषाणू. त्याच्या पोटात सुमारे 4,700 अक्षरं मावतात. माझ्या मुलाच्या जनुकाची कामाची अक्षरंच 15,000 च्या वर. तंबाखूचा बोद सायकलच्या कॅरिअरवर बांधायचा म्हटल्यासारखं. म्हणून शास्त्रज्ञ दुसरं वाहन शोधताहेत. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात; शंभरएक नॅनोमीटरचे चरबीचे गोळे करून त्यांत जनुकाचा संदेश भरायचा. कोविडच्या एमआरएनए लशी अशाच गोळ्यांतून दिल्या गेल्या. मोठा माल चालतो, आणि विषाणूच नसल्यामुळं विषाणूविरुद्ध शरीर उठण्याचा प्रश्न कमी.

अडचण आहे ती पडद्यापर्यंत पोचण्याची. डोळ्यात टोचलेले गोळे इतर थरांतच अडकतात, उजेड टिपणाऱ्या पेशींपर्यंत जात नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गौरव सहाय यांच्या गटानं या गोळ्यांना वाट दाखवणारे प्रथिनांचे छोटे तुकडे जोडले आणि 2023 मध्ये उंदीर आणि माकडांच्या डोळ्यांत संदेश त्या पेशींपर्यंत पोचवून दाखवला. तो संदेशही फक्त चमकणाऱ्या प्रथिनाचा होता, पोचलं की नाही एवढं पाहण्यासाठी. नजर परत आली असं तिथं कुणी म्हटलेलं नाही. नॅनोकणांतून पडद्याचा जनुकीय उपचार आज जगात कुठंही मंजूर नाही. म्हणजे जो आज तो विकतो, तो खोटं बोलतो.

घरातली सगळ्यात अवघड गोष्ट डोळ्यांची नव्हतीच. माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. दोष आम्हा दोघांतही होता, एकेकच, म्हणून आमची नजर धड. दोन्हीकडचा दोष ज्या लेकराला मिळाला, त्याला आजार. प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. नात्याबाहेर लग्न केलेल्यांतही हे होतं, पण नात्यात जास्त. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत रेटिनायटिस पिग्मेंटोसा साधारण 750 माणसांत एकाला आढळला. जगात तो चार हजारांत एकाला धरतात. आणि आमचा अहवाल आला त्याच वर्षी बहिणीनं माझी मुलगी आपल्या मुलासाठी मागितली होती. मी म्हटलं, “आक्का, आधी दोघांचं रक्त तपासू.” तिला तो अपमान वाटला. तपासलं. माझ्या मुलीतही एक दोष, भाच्यातही एक. सोयरीक मोडली. त्या दिवाळीला बहीण ओवाळायला आली नाही. पुढच्या वर्षी आली.

तपासणीसाठी बेंगळुरूच हवं असं नाही, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद इथंही जनुकांचं काम चालतं. कधी अहवालात ‘अर्थ न लागलेला बदल’ असंही येतं. तो कागद फेकू नका, दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचून घ्या. दर वर्षी डोळा दाखवा, कारण या आजारात लवकर येणारा मोतीबिंदू आणि पडद्याची सूज यांवर उपचार होतात. दिव्यांग प्रमाणपत्र काढायला लाजू नका. आम्ही दोन वर्षं लाजलो, आणि तेवढी वर्षं पोराला परीक्षेत जादा वेळ मिळाला नाही.

आता त्याच्या दोन्ही कानांत यंत्र आहे. पहिल्या दिवशी अंगणात उभा राहून म्हणाला, “आबा, पावसाचा एवढा आवाज हुतो व्हय?” जनुकाचं नाव एका कागदावर लिहून मी तो प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला आहे. खिशात असतो. परवा चिकोडीकडचे एक गृहस्थ तसंच पत्रक घेऊन घरी आले. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि तो कागद काढला.