द्राक्षे निर्यातीची, हक्क कोणाचे?

प्रश्न : पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या मुकादमामार्फत दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. निर्यातीच्या मालावर काम करणाऱ्या या मजुरांना वेगळे हक्क, प्रशिक्षण मिळते का?

उत्तर : निर्यातीसाठी म्हणून वेगळा कामगार कायदा नाही. किमान वेतन शेतमजुरालाही लागू आहे आणि त्याच कामासाठी बाईला कमी मजुरी देता येत नाही. समान मजुरीचा हा नियम 1976पासून कायद्यात आहे. उचल दिली म्हणून मजुराला अडकवून ठेवणे वेठबिगारीत मोडते. ती रद्द करणारा कायदाही 1976चाच आहे, पण ‘उचल फिटेपर्यंत थांब’ हे वाक्य अजून ऐकू येते.

पॅकहाउस कारखान्याच्या व्याख्येत बसत असेल, तर जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. हंगामात रात्री उशिरापर्यंत पॅकिंग चालते, म्हणून हजेरीची नोंद मजुराने स्वतःकडेही ठेवावी.

युरोपातले खरेदीदार बहुधा ग्लोबलगॅप प्रमाणपत्र मागतात. त्याला जोडलेल्या ‘ग्रास्प’ तपासणीत मजुरांची स्थिती पाहिली जाते. मात्र ती कायद्याची जागा घेत नाही, आणि तपासनीस येण्याच्या दिवशीच हातमोजे वाटले तर तिचा उपयोगही नाही.

प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज छाटणीनंतर असते. वेलीचे डोळे (अंकुर) फुटावेत म्हणून काडीला लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड हे रसायन त्वचा भाजते. ते हाताळण्याच्या काळात दारू घेतल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. युरोपीय संघाने 2008मध्ये या रसायनाला मान्यता नाकारली. इथे ते हाताळणाऱ्याला ही माहिती त्याच्या भाषेत, काम सुरू होण्याआधीच द्यायला हवी.