गाडीतले स्पीकर आणि आपले कान

नवी गाडी आली की कंपनीचे स्पीकर काढून बाहेरून मोठे स्पीकर बसवून घेण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना असते. हौसेला हरकत नाही. परंतु बऱ्याचदा पैसे खर्चूनही ठेका पोकळ लागतो, शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, दाराचा पत्रा थरथरतो. मग मालक काय करतो? आवाज वाढवतो! आणि इथेच हा विषय आरोग्याचा होतो.

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. कामगारांसाठी अमेरिकेत 1998 साली केलेल्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला 1 तास आणि 100 ला अवघी 15 मिनिटे. काचा बंद असलेल्या गाडीत मोठ्या स्पीकरांना इथवर पोहोचणे अवघड नाही. अशा आवाजाने आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरतात व त्या पुन्हा तयार होत नाहीत. बहिरेपणाची सुरुवात 4000 हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होते. त्यामुळे माणसाला बोललेले ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरे निसटतात आणि घरचे म्हणतात, यांचे लक्षच नसते!

तेव्हा आवाज वाढवण्याआधी स्पीकरची बसवणी पाहावी. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो त्याच वेळी मागची हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात. त्यांतून मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस नाहीसा होतो. यासाठी डोअर पॅड काढून ती भोके बंद करावीत, पत्र्यावर ब्यूटाइल रबराचे शीट चिकटवावे आणि स्पीकर जाड प्लायवूडच्या, वॉर्निश लावलेल्या कड्यावर घट्ट आवळावा. मात्र दाराच्या तळाची बारीक भोके पावसाचे पाणी जाण्यासाठी असतात. ती बुजवली तर दार आतून गंजते.

एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तरीही बेस जातो. डेकपासून तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. अधिकला अधिक जोडल्यावर सर्व पडदे एकाच दिशेला, बाहेर सरकले पाहिजेत.

खोक्यावर 50 वॉट छापलेल्या डेकमधून सलग मिळते ती शक्ती साधारण 20 वॉटच्या आसपास. त्यापलीकडे ताणले की आवाज फाटतो. डेकमध्ये सोय असल्यास दारातल्या स्पीकरना 80 हर्ट्‌झखालचे स्वर देऊ नयेत. त्यांच्यावरचा ताण कमी होतो आणि गाणारा स्पष्ट ऐकू येतो. एवढे केल्यावर पूर्वीपेक्षा कमी आवाजातही गाणे भरीव वाटते.

शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज जास्त आहे, असे समजावे. मागच्या काचेखाली स्पीकर असतील तर ते मागे बसलेल्या मुलांच्या कानाशीच येतात, हे पालकांनी विसरू नये. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री ही श्रवणचाचणी करून घ्यावी. चाचणीच्या आदल्या संध्याकाळपासून मोठा आवाज कानावर पडू देऊ नये.