पांडुरंग शब्दाचे मूळ

वाखरीच्या मुक्कामी एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, "महाराज, मूर्ती तर काळीसावळी, मग देवाला पांडुरंग, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, का म्हणायचे?"

शंका खरीच आहे. संस्कृत कोशात पांडु म्हणजे फिकट पांढरा. पण शब्दाचा अर्थ निराळा आणि त्याचे मूळ निराळे. अर्थासाठी मोल्सवर्थसाहेबांचा कोश (१८३१) उघडावा, मुळासाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६). जुन्या कानडी लेखांत पंढरपूरचे नाव 'पंडरगे' असे येते. पुष्कळ पंडितांच्या मते हे गावाचे नाव आधीचे. त्यालाच संस्कृताचा पेहराव चढून पांडुरंग झाले. सोलापूरच्याला आपण सोलापूरकर म्हणतो ना, तसेच हे. मग रंगाचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक गंमत. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशी शब्दांचा संग्रह केला, त्यात हेच नाव रुद्राचे म्हणून दिले आहे, रा. गो. भांडारकरांनी तिकडे लक्ष वेधले. विठोबाच्या मस्तकी शिवलिंग मानणाऱ्या वारकऱ्याला याचे नवल कशाला वाटेल?

माळकरी हसून म्हणाला, "म्हणजे देव काळाच, नाव तेवढं गावाचं!" आणि पताका उचलून चालू लागला.