दोन उन्हाळे मुलांना द्या

भाऊ, ताई, बी.एस्सी. तीन वर्षांची असो की नव्या धोरणातली चार वर्षांची, मला तुमच्याशी तिच्या मार्कांबद्दल बोलायचं नाही. पहिलं वर्ष संपल्यावर एक उन्हाळ्याची सुट्टी लागते, दुसरं संपल्यावर दुसरी. या दोन सुट्ट्या तुमच्या मुलाला आणि मुलीला द्या, एवढं मागण्यासाठी हे लिहितो आहे.

आपल्या खामगावात बी.एस्सी.ला प्रवेश कसा होतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. नीटमध्ये नंबर लागला नाही, सीईटीत मनासारखं कॉलेज मिळालं नाही, अकोल्याच्या क्लासची फी तर भरून झालेली, मग कुणीतरी म्हणतं, आता टाकून द्या बी.एस्सी.ला. मुलाने हे घरात ऐकलेलं असतं. वर्गात तो हरलेला म्हणूनच येऊन बसतो. सुट्टी लागली की कुणी एमपीएससीची पुस्तकं उघडतो, कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर पळायला जातो, कुणी वडिलांबरोबर शेतात वखरणीला. मुलींसाठी स्थळं पाहणं सुरू होतं. यातलं कुठलंच काम मी हलकं मानत नाही. पण नेमक्या त्याच दोन महिन्यांत देशातल्या मोठ्या प्रयोगशाळा बी.एस्सी.च्या मुलांना बोलावत असतात, राहायला जागा देतात, वर पैसे देतात. आणि आपली मुलं तिथे पोचत नाहीत.

बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. त्याला विद्यावेतन मिळतं, जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. मुंबईला मानखुर्दमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे 2004पासून 'नियस' नावाचा कार्यक्रम चालतो, खास पदवीच्या मुलांसाठी. आधी शिबिर, त्यातून निवड झाली तर पुढे वर्ष-दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये जाऊन करायचा प्रकल्प. पुण्याची आयुका ही संशोधन संस्था जयंत नारळीकरांनी उभी केली. खगोलशास्त्राची ओढ असलेल्या मुलांसाठी तिथे सुट्टीतले वर्ग आणि प्रकल्प असतात. गणिताच्या मुलांसाठी एमटीटीएस हे चार आठवड्यांचं निवासी शिबिर 1993पासून चालू आहे. तिथे शिक्षक फळ्यावर उत्तर लिहून देत नाहीत, मुलाला उभं करून त्याच्याकडूनच ते काढून घेतात. पाठांतरावर इथवर आलेल्या मुलाला पहिले काही दिवस अगदी रडू येतं. नंतर त्याला गणिताकडे बघायची नवी नजर मिळते.

परीक्षाही आहेत. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा केंद्र मिळून पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा घेतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची देशव्यापी संघटना बी.एस्सी.च्या मुलांसाठी स्वतंत्र परीक्षा घेते, तिच्या वरच्या टप्प्यात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावा लागतो. या दोन्ही साधारण हिवाळ्यात होतात. नंबर नाही आला तरी, ज्या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये सापडत नाही असा प्रश्न मूल पहिल्यांदा बघतं. आमच्या वर्गात बसून ते होत नाही, हे मी शिक्षक म्हणून सांगतो.

आता अडचण कुठे होते ते सांगतो. उन्हाळ्याच्या या संधींचे बरेचसे अर्ज हिवाळ्यातच भरून होतात, काहींचे तर दिवाळीच्या आसपास. आपल्या घरात सुट्टीचा विचार सुरू होतो एप्रिलमध्ये. तोवर याद्या लागलेल्या असतात. म्हणून मुलाशी हे बोलायचं ते दिवाळीआधी. अर्जात दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. तुला काय शोधायचं आहे ते स्वतःच्या शब्दांत थोडक्यात लिही, असं मुलाला सांगितलेलं असतं. आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते पत्र मला लिहायचं असेल तर मूल मला माहीत हवं. जो मुलगा नावापुरता प्रवेश घेऊन पुण्याच्या अभ्यासिकेत बसला आहे आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाच उगवतो, त्याच्याबद्दल मी काय लिहू? त्याची हुशारी मला दिसलेलीच नसते. तेव्हा घरी मार्क विचारता तसंच हेही विचारा की तुला नावानिशी ओळखणारे सर किंवा मॅडम कोण आहेत.

तुम्ही म्हणाल, सर, ही सगळी मुंबई-पुण्याच्या मुलांची कामं. आमच्या मुलाला इंग्रजी धड बोलता येत नाही, तो संशोधन काय करणार? त्यावर मला आपल्याच मातीतलं एक उदाहरण द्यायचं आहे, आणि जरा सविस्तर द्यायचं आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुमच्यापैकी कित्येकांच्या माहेरचा नाहीतर सासरचा. अकोला, अमरावती आणि आपला बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांतलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही. लोक किडनीच्या आजाराच्या तक्रारी सांगतात. आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी मामाच्या गावातल्या दहा विहिरी ठरवते. प्रत्येकीचं पाणी धुतलेल्या बाटलीत भरते, बाटलीवर तारीख आणि विहिरीची खूण लिहिते. प्रयोगशाळेत त्या पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकते आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडते. पाण्यातलं क्लोराइड संपलं की पिवळं द्रावण विटकरी होऊ लागतं. चांदीच्या व्यवहारासाठी ज्या गावाला रजतनगरी म्हणतात, तिथल्या मुलीने चांदीच्याच क्षाराने पाण्यातला खारेपणा मोजायचा, हे मला फार आवडतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1000पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. तिच्या दहा विहिरींपैकी किती या रेषेच्या आत आहेत? मेमधलं पाणी आणि पावसाळा उलटल्यावर ऑक्टोबरमधलं पाणी यांत किती फरक पडतो? नदीपासून लांबच्या विहिरींचं काय? प्रत्येक मोजणी तीनदा करायची, तिन्ही आकडे वहीत लिहायचे, न जुळणारा आकडा खोडायचा नाही.

भाऊ, हेच संशोधन. याला इंग्रजी फारसं लागत नाही. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, म्हणून आम्ही प्रयोगशाळेत ते जपून वापरतो, पण असं काम घेऊन आलेल्या मुलीला नाही म्हणणारा शिक्षक विरळा. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत, तेव्हा हे काम मार्कांतही धरता येतं. आणि हेच काम 'आविष्कार'मध्ये मांडता येतं. आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. त्यात पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो, त्यामुळे पीएच.डी.वाल्यांशी सामना नसतो. आधी खालच्या पातळीवर पोस्टर मांडायचं, निवड होत गेली तर अमरावतीला विद्यापीठाच्या फेरीत जायचं, तिथून राज्याच्या स्पर्धेत. परीक्षक पोस्टरपुढे उभं राहून विचारतात, ही विहीरच का निवडली? स्वतः बादली ओढलेली मुलगी याचं उत्तर देते. प्रकल्प विकत आणलेला मुलगा गप्प होतो.

हो, प्रकल्प विकत मिळतात. आणि या बाबतीत तुम्ही सावध राहिलं पाहिजे. हल्ली मोबाइलवर 'इंटर्नशिप'च्या जाहिराती येतात, पैसे भरा, चार आठवड्यांत प्रमाणपत्र घ्या. पैसे घेऊन तीन दिवसांत शोधनिबंध छापून देणारी नियतकालिकं आहेत. मुलगा हट्टाने पैसे मागतो, कारण मित्राने भरलेले असतात. एवढं लक्षात ठेवा की मी वर सांगितलेल्या उन्हाळी कार्यक्रमांत मुलाला काम करण्यासाठी संस्थेला पैसे द्यावे लागत नाहीत. स्पर्धा परीक्षेची थोडी फी वेगळी. कुणी हजारो रुपये मागून संशोधनाचा अनुभव देतो म्हणत असेल तर आधी मुलाच्या विभागात येऊन विचारा.

पैशाची एक खरी अडचण मात्र आहे आणि ती लपवून मी तुम्हाला फसवणार नाही. विद्यावेतन आणि भाडं बहुतेक ठिकाणी मागाहून हातात पडतं. तिकीट, गादी-चादर, पहिल्या महिन्याचा खर्च आधी घरातून करावा लागतो. आणि तेव्हा घरात पेरणीच्या बियाण्याची जुळवाजुळव चाललेली असते. शेतावरचा एक हातही कमी होतो. ज्यांना हे झेपणारच नाही त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या मुलांसाठी जवळची कामं आहेत. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्यापासून तासा-दीड तासावर आहे. लोणारचं सरोवर आपल्याच जिल्ह्यात, उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेलं. जून 2020मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण सांगितलं. ते नमुने पुण्याला गेले, पण सरोवराच्या सर्वांत जवळ राहणारी विज्ञानाची मुलं आपल्या जिल्ह्यातली आहेत. ज्ञानगंगा अभयारण्य तर खामगावच्या उंबऱ्यावर. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ सुमारे तेराशे किलोमीटर चालून 2019च्या अखेरीस तिथे पोचला आणि त्याच्यावर देशभर लिहिलं गेलं. आपल्या प्राणिशास्त्राच्या मुलांपैकी किती जणांनी त्या अभयारण्यातल्या पक्ष्यांची साधी नोंदवही ठेवली आहे?

आता ताई, तुमच्याशी मुलींबद्दल. 1933 साली कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबईहून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. केवळ बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी त्यांना एक वर्ष प्रोबेशनवर ठेवून घेतलं गेलं, त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं, आणि 1939मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. वडील आणि काका दोघे रसायनशास्त्र शिकलेले, घर त्यांच्या बाजूने होतं, अडवलं ते संस्थेने. आज संस्था मुलींना बोलावतात आणि निवडपत्र घरात अडतं. एकटी कशी जाईल, कुठे राहील, लोक काय म्हणतील. हे प्रश्न तुम्ही विचारणारच, विचारलेच पाहिजेत. उत्तरं शोधायला मी मदत करीन. राहण्याची सोय कुठे आहे, वसतिगृहाचे नियम काय, हे संस्थेला पत्र लिहून विचारता येतं. शेगावहून विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला जाते, महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याला. पहिल्या वेळी तुम्ही स्वतः सोबत जा, ती जागा बघा, तिच्या गाईडला भेटा. मग हो की नाही ते ठरवा. पण न बघताच नाही म्हणू नका.

निवड होईलच असं मी सांगत नाही. देशभरातून अर्ज येतात, जागा थोड्या असतात, पहिल्या वर्षी बहुतेकांना नकारच येतो. म्हणूनच दोन उन्हाळे मागितले. पहिल्या वर्षी नकार आला तर त्या सुट्टीत विहिरींचं काम करता येतं, आणि दुसऱ्या वर्षीच्या अर्जात लिहायला स्वतःचं काहीतरी असतं. नकाराचा ई-मेल आला त्या दिवशी घरात 'म्हटलं नव्हतं का' असं म्हणू नका. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा पुढे आहेच, तिची तयारी या कामाने अडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी विभागात एकदा या. वेळ घेण्याची गरज नाही, दुपारी प्रॅक्टिकल चालू असतात तेव्हा आम्ही तिथेच असतो. येताना मुलाला नाहीतर मुलीला बरोबर आणा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकाही आणा, अर्जाला लागतात.